नव्या घरमालकांस

इन्व्हरकार्गिल, ऑगस्ट

फाकाओसी कुटुंबास,
चाव्या वकिलांकडून मिळाल्याच असतील.
मागच्या दाराची जरा वर उचलून फिरवावी लागते.
बाकी घर तुम्ही पाहिलंच आहे.
लिहिते आहे ते कुंपणालगतच्या लव्हाळ्याबद्दल.

तो मेलेला नाही.
हे आधी सांगते, कारण सगळे तेच समजतात.
रंग तांब्याचा, जुन्या किटलीच्या बुडासारखा,
आणि पात टोकाशी मुडपलेली,
पेन्सिल तासताना निघते तशी.
पोस्टमन रुआरी सात वर्षं विचारत होता,
बाई, हे उपटून टाकू का?
सातही वर्षं मी नको म्हटलं
आणि त्याने बिस्किटं घेतली.

समुद्र तिथून दोन गल्ल्यांवर.
दक्षिणेचा वारा येतो तो मीठ घेऊनच.
गुलाबांना ते सोसलं नाही, याला सोसतं.
ऊन मात्र हवं, सावलीत रंग उतरतो.
नव्या रोपांना पहिल्या उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीत,
आठवड्यातून दोनदा पाणी.
पुढे तुम्ही विसरलात तरी तो रागावत नाही.
पुकेको विसरत नाहीत. निळे, लाल चोचीचे,
पहाटे खाजणातून चालत येतात,
रोप उपटतात आणि तिथेच टाकून जातात,
खातसुद्धा नाहीत.
टोपली उपडी घाला. वर वीट.

वाढवायचा असेल तर वसंतात फावड्याने दोन भाग करा.
तीन नकोत. मी लोभाने केले होते एकदा.

कात्री लावू नका.
हे अधोरेखित केलं आहे, अक्षर हललंय तरी दिसेल.
जाड हातमोजे घालून बोटांनीच विंचरा,
बुंध्यापासून वर, शाळेला उशीर झालेल्या मुलीचे केस विंचरावेत
त्याहून जरा सावकाश.
मेलेलं असतं ते आपणहून हातात येतं.
येत नाही ते राहू द्या.

अ‍ॅलिस्टर दवाखान्यातून घरी आला त्या सप्टेंबरात
मी दुकानातून परतेपर्यंत त्याने सगळी रांग
जमिनीसरशी कापून काढली होती.
मला मदत म्हणून.
पायरीवर बसला होता, धापा टाकत, खुशीत,
बुटांवर तांब्याचा कचरा.
अकरा बुडखे.
मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.
सहा परत आले, तीन वर्षं घेऊन.
त्याने पहिल्याचीच पाती पाहिली, वीतभर,
आणि म्हणाला, बघ.

दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये म्हणून एवढी जागा आहे.
ती मी मोकळी ठेवली होती.
तुमच्या मुलांना झोका हवा असेल
तर खांब तिथे बसेल. मी मोजून पाहिलंय.

मागच्या ओहोळातला तो दुसरा, माणसाएवढा,
आपल्याच जुन्या मुळांच्या खोडावर उभा,
तो आमचा नव्हता, तुमचाही नाही.
मिसेस पाराटा सांगतात, त्यांच्या आजीच्याही आधीचा.
त्याची काडी बोटांत फिरवून बघा,
गवतासारखी गरगरत नाही, अडखळते,
तीन कडा आहेत तिला.
त्याचं काही करायचं नसतं.
ओहोळात रंगाचे ब्रश धुऊ नका, इतकंच.

आणि एक कबुली. एक तुकडा मी आणला आहे,
आइस्क्रीमच्या डब्यात, करारातल्या यादीत नसलेला.
माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी उत्तरेला,
ऊन चारपर्यंत.
इथली नर्स दोनदा म्हणाली, हे टाकून देऊ?
मी म्हटलं, ओढून बघ.
तिने ओढलं. डबाच उचलला गेला.

तुमची,
एफी मॅकअर्लिक

ता. क. कचऱ्याची गाडी गुरुवारी, सातच्या आत.